प्रेशर वॉशरला केमिकल इंजेक्टर घरी जोडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये धुलाईची कामं निघतात. कंपाउंडच्या भिंतीवर हिरवा थर बसलेला असतो, पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर पाय घसरत असतो आणि गच्चीच्या कठड्यावरून काळे ओघळ उतरलेले असतात. मग कुणीतरी प्रेशर वॉशर आणून पूर्ण दाबाने मारतं. शेवाळ निघतं, पण त्याबरोबर भिंतीचा रंग आणि ब्लॉकच्या सांध्यातली वाळूही निघून जाते. महिन्या-दोन महिन्यांत हिरवं पुन्हा उगवतं, कारण ते वरून खरवडलेलं असतं, मेलेलं नसतं. शेवाळ मारायचं काम केमिकलचं आहे. पाण्याने ते फक्त वाहून न्यायचं. केमिकल मशीनच्या पाण्यातूनच जावं यासाठी जी जोडणी लागते, म्हणजे केमिकल इंजेक्टर, ती नीट समजून घेतली तर घरी करता येते. सोसायट्यांची कामं घेणारी मुलं, गाड्या धुणारे आणि स्वतः हात घालणारे कमिटी मेंबर हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात.

इंजेक्टर नेमका काय करतो?

इंजेक्टरच्या आत पाण्याची वाट एका ठिकाणी एकदम अरुंद होते आणि पुढे पुन्हा रुंद होते. अरुंद जागी पाण्याचा वेग वाढतो आणि तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली येतो. त्याच जागी बाजूने एक बारीक भोक असतं. त्याला लावलेल्या नळीतून कॅनमधलं केमिकल आपोआप ओढलं जातं. मोटर नाही, वीज नाही. हे तत्त्व ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या व्हेंच्युरी या इटालियन शास्त्रज्ञांनी ते १७९७ साली मांडलं.

भोकाच्या तोंडाशी एक छोटी गोळी आणि स्प्रिंग असते. पाण्याचा दाब वाढला की गोळी तोंड बंद करते आणि पाणी उलटं कॅनमध्ये शिरत नाही. सगळ्या जोडणीत सर्वात लवकर खराब होणारा भाग हाच.

पंपाच्या आधी लावायचा की नंतर?

नंतरच. पंपाच्या आधी, म्हणजे पाणी आत येण्याच्या बाजूला जोडणं सोपं असतं आणि केमिकलही भरपूर ओढलं जातं, म्हणून बरेच जण तो मोह धरतात. पण मग सगळं केमिकल पंपातून जातं. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, शेवाळ मारायला वापरतात ते ब्लीच. ते पितळ, ॲल्युमिनियम आणि साधं लोखंड खातं, रबरी सील कडक करतं. स्वस्त घरगुती मशीनच्या पंपाचं डोकं बहुधा ॲल्युमिनियमचंच असतं. साबणाचं सौम्य पाणी एखाद वेळी चालून जाईल, हायपो मात्र पंपातून कधीच सोडू नका.

इंजेक्टर लेथवर करून घेतला तर?

नको. इथे मी ठाम आहे. आतल्या अरुंद वाटेचं माप मिलिमीटरच्या दहाव्या भागात असतं आणि बाहेरच्या बॉडीवर मशीनचा पूर्ण दाब येतो. साबणाच्या नोझलवर दाब कमी असतो हे खरं, पण तुम्ही नोझल बदललं की त्याच बॉडीतून १५० बार दाबाचं पाणी जातं, आणि ट्रिगर सोडला की क्षणभर त्याहूनही जास्त झटका बसतो. बॉडी विकत आणा. ओढायची नळी, व्हॉल्व्ह, कॅनचा स्टँड आणि ट्रॉली घरी करा. पैसा वाचतो तो तिथेच.

कोणते भाग लागतात आणि मुंबईत कुठे मिळतात?

फिटिंग, होज, नोझल, निपल, क्विक कपलर यांसाठी नागदेवी स्ट्रीट. सकाळी लवकर जा, जुने भाग पिशवीत घालून बरोबर न्या आणि काउंटरवर जोडून बघूनच घ्या. केमिकलसाठी मस्जिद बंदरची वडगादी.

इंजेक्टर घेताना दुकानदाराला मशीनचा दाब सांगतात, ते पुरेसं नाही. मशीनमधून मिनिटाला किती लिटर पाणी जातं ते सांगायला हवं, कारण आतलं भोक प्रवाहावर ठरतं. मिनिटाला साधारण ८ ते ११ लिटरच्या मशीनला १.८ मिलिमीटरचं आणि १२ ते १९ लिटरच्या मशीनला २.१ मिलिमीटरचं भोक हा प्रचलित हिशेब. बॉडी शक्यतो स्टेनलेस स्टीलची घ्या. पितळेची चालते, पण रोज हायपो जाणार असेल तर फार दिवस साथ देत नाही.

थ्रेडकडे, म्हणजे फिटिंगच्या आट्यांकडे लक्ष द्या. आपल्याकडचे फिटिंग बहुतेक बीएसपी थ्रेडचे, तर अमेरिकेतून आलेले इंजेक्टर एनपीटी थ्रेडचे असतात. पाव इंच आणि तीन अष्टमांश इंच मापात बीएसपीला इंचात १९ आटे, एनपीटीला १८. दोन-तीन आटे बसतात, मग अडकतं, आणि माणूस पान्याने जोर लावतो. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी तो जोड उच्च दाबाला सुरक्षित नाही. तसंच होज जोडायचा एम २२ कपलर १४ आणि १५ मिलिमीटर अशा दोन मापांत येतो. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, पाणी सोडलं की कळतं.

दाबाच्या बाजूला जे काही लावाल त्यावर मशीनच्या कमाल दाबापेक्षा जास्त दाब छापलेला असला पाहिजे. प्लंबरकडचं जीआय किंवा पीव्हीसी फिटिंग या बाजूला बिलकुल नको. ओढण्याच्या बाजूला मात्र दाब नसतो. तिथे पाव इंची पारदर्शक नळी, प्लास्टिकचा छोटा व्हॉल्व्ह, नळीच्या टोकाला जाळीची गाळणी आणि नळी आवळायच्या स्टेनलेसच्या जुबली क्लिप एवढं पुरतं. नळी पारदर्शकच घ्या, आत बुडबुडे दिसले की हवा कुठून शिरतेय ते लगेच कळतं.

जोडायचा क्रम काय?

पाण्याचा ड्रम, मशीन, एक-दीड मीटरचा छोटा होज, इंजेक्टर, मोठा होज, गन, नोझल. मशीनच्या तोंडाशी लगेच इंजेक्टर लावला तरी चालतं, पण मध्ये छोटा होज असला की पंपाचे हादरे थेट त्याच्यावर येत नाहीत. इंजेक्टरवरचा बाण पाण्याच्या दिशेने हवा.

ओढायच्या नळीवर मी तीन व्हॉल्व्हची जोडणी करायला सांगतो. एक नळी हायपोच्या कॅनमध्ये, दुसरी साबणाच्या आणि तिसरी साध्या पाण्याच्या बादलीत. काम झालं की हायपो बंद करून पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा, इंजेक्टर आतून धुतला जातो. प्रत्येक फाट्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, हवाच, नाहीतर एका कॅनमधलं दुसऱ्यात उतरतं.

सगळं जोडलं, पण केमिकल ओढतच नाही. का?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा कारण नोझल असतं. इंजेक्टर चालायला पुढची वाट मोकळी हवी. बारीक नोझल लावलं की मागे दाब साठतो, अरुंद जागेतला दाब पुरेसा खाली येत नाही आणि ओढ थांबते. म्हणून मोठ्या भोकाचं, बहुतेक सेटमध्ये काळ्या रंगाचं येणारं साबणाचं नोझल लावा. केमिकल मारायचं त्याने, धुवायचं दुसऱ्याने. नोझल बदलणं हाच या जोडणीचा चालू-बंदचा खटका आहे.

नोझल बरोबर असूनही ओढत नसेल तर होजची लांबी बघा. तळमजल्यावर मशीन आणि चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये गन असेल तर इंजेक्टरपुढचा लांब होज आणि वरची चढण दोन्ही मिळून ओढ मारतात. अशा वेळी इंजेक्टर पहिल्या होजच्या शेवटी, गनच्या जवळ आणा आणि कॅन बरोबर वर न्या. जरा वजन उचलावं लागतं, पण काम होतं.

त्यानंतर हवा. ओढायच्या नळीची टोकं कडक होऊन सैल पडतात. टोकाचा दोन बोटं भाग कापून नव्याने क्लिप घट्ट करा. गाळणीत गाळ अडकलाय का ते पाहा. आणि शेवटी गोळी-स्प्रिंग : हायपो आत राहून वाळलं की पांढरे खडे होतात आणि गोळी चिकटते. उघडून कोमट पाण्यात भिजवा, बारीक काडीने हलवा. स्प्रिंग गंजलेली असेल तर बदला.

घरगुती मशीनवाल्यांची अडचण वेगळी. ही मशीन मिनिटाला सहा-सात लिटरच पाणी देतात. त्यांना मोठ्या मशीनचा इंजेक्टर लावला तर पाणी आरामात निघून जातं, वेगच येत नाही. त्यांनी इंजेक्टरच्या मागे न लागता गनला लागणारी फोमची बाटली घ्यावी आणि तिच्या आतला जेट १.१ मिलिमीटरचा घालावा. हीसुद्धा ओढायची जोडणीच आहे, फक्त गनच्या पुढे बसते.

गावाकडे ठिबकला खत सोडायला लावतात तो व्हेंच्युरी चालेल का?

तत्त्व तेच आहे, म्हणून प्रश्न रास्त आहे. पण तो प्लास्टिकचा, शेताच्या पाइपातल्या दोन-तीन बारसाठी बनवलेला. प्रेशर वॉशरच्या दाबावर तो फुटेल आणि तुकडे अंगावर येतील. मशीन न वापरता साध्या होजने भिंतीवर केमिकल मारायला मात्र तो कामाला येतो, पण त्यासाठी पाणी ड्रममधून छोट्या पंपाने द्या. सोसायटीच्या नळावरून देऊ नका. कारण पुढे येतंच आहे.

प्रत्यक्षात किती केमिकल जातंय हे कसं कळणार?

मोजून. बॉक्सवर छापलेलं प्रमाण तुमच्या मशीनला, तुमच्या होजला लागू होईलच असं नाही.

मापाच्या भांड्यात साधं पाणी घ्या, ओढायची नळी त्यात सोडा. साबणाचं नोझल लावून वीस लिटरची बादली भरा. बादली भरेपर्यंत भांड्यातलं किती पाणी गेलं ते बघा. समजा दीड लिटर गेलं. म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्यात साडेसात टक्के केमिकल आहे. कॅनमधल्या हायपोत दहा टक्के क्लोरीन असेल तर भिंतीवर ०.७५ टक्के पोचतोय. चाचणी नेहमी साध्या पाण्याने करा, आणि होज किंवा नोझल बदललं की पुन्हा करा. हे न करता काम घेणारे एक तर केमिकल वाया घालवतात, नाहीतर भिंत जाळतात.

भिंतीला किती आणि जमिनीला किती लागतं?

रंगवलेल्या भिंतीवरच्या हिरव्या शेवाळाला अर्धा ते एक टक्का क्लोरीन पुरतो. पेव्हर ब्लॉक आणि उघड्या काँक्रीटवरच्या काळ्या थराला दोन-तीन टक्के लागतात. इथे इंजेक्टरची मर्यादा कळते : तो साधारण दहाला एकपेक्षा जास्त ओढत नाही, म्हणून दहा टक्क्यांच्या हायपोतून एक टक्क्याच्या वर जाताच येत नाही. जमिनीसाठी वेगळी सोय करावी लागते.

मारल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, वाळू देऊ नका, मग धुवा. हिरवं पिवळट-पांढरं पडलं की ते मेलं. कडक उन्हात काम करू नका. भिंतीचा एखादा कोपरा आधी करून रंग उतरतोय का ते दुसऱ्या दिवशी बघा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बाजारात हायपो १० ते १२ टक्क्यांचं म्हणून मिळतं, पण ऊन आणि उष्णतेने त्याचा जोर उतरत जातो. मे महिन्यात गच्चीवर पडून राहिलेल्या कॅनमधलं हायपो लेबलवरच्या आकड्याइतकं राहत नाही. महिन्याला लागेल तेवढंच आणा, सावलीत ठेवा. बूच हवा सुटणारं असावं, कारण आत वायू तयार होत राहतो.

मग जमिनीसाठी काय वापरायचं?

शेतातला पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप. सोळा लिटरची टाकी, दाब कमी, हवं ते प्रमाण टाकीतच करता येतं. दहा टक्क्यांचं एक भाग हायपो आणि चार भाग पाणी म्हणजे दोन टक्के. लहान कामाला यापेक्षा चांगलं काही नाही, आणि खरं सांगायचं तर ज्यांना वर्षातून एकदाच सोसायटी धुवायची आहे त्यांनी इंजेक्टरची खटपट न करता हाच घ्यावा. मात्र तो पंप पुन्हा झाडांच्या फवारणीला वापरू नका.

मोठं काम असेल तर १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, बॅटरी, वेगळी टाकी आणि वेगळा होज अशी ट्रॉली करा. मिनिटाला चार-पाच लिटर देणारा पंप पुरतो. त्याचे सील व्हिटॉन या केमिकलला टिकणाऱ्या रबराचे आहेत का ते विचारून घ्या. यात केमिकल प्रेशर वॉशरमधून जातच नाही, त्यामुळे मशीनचं आयुष्य वाढतं.

मशीन थेट सोसायटीच्या नळाला जोडलं तर काय बिघडतं?

याच प्रश्नावर मी सर्वात जास्त वेळ घालवतो, कारण इथे चूक झाली तर ती फक्त तुमची राहत नाही.

मुंबईत महापालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं. ते बंद झालं की पाइपात पोकळी तयार होते आणि उघड्या नळाला जे काही जोडलेलं असेल ते उलटं ओढलं जाऊ शकतं. गच्चीच्या टाकीवरून येणाऱ्या पाइपाचंही तसंच : खालच्या मजल्यावर कुणी मोठा नळ सोडला की वरच्या जोडणीतलं पाणी मागे येऊ शकतं. इंजेक्टरची गोळी चिकटलेली असेल आणि त्याच वेळी हे घडलं, तर हायपो किंवा डिग्रीजर (तेलाचे डाग काढायचं केमिकल) लोकांच्या स्वयंपाकघरातल्या नळाला येईल. एका गोळीवर इमारतीतल्या मुलाबाळांचं पाणी सोपवायचं नाही.

उपाय सोपा आहे. दोनशे लिटरचा निळा ड्रम ठेवा. नळाचा पाइप ड्रमच्या वर, पाण्याला न टेकता धरा. मशीन ड्रममधून पाणी घेईल. नळ आणि पाणी यांच्यामध्ये हवेचं अंतर असलं की उलटं काही जाऊच शकत नाही. ड्रम मशीनपेक्षा उंचावर ठेवा आणि तळाशी तोटी बसवा, म्हणजे पंपाला कोरडं ओढावं लागत नाही. मिनिटाला सहा लिटरच्या मशीनला हा ड्रम अर्धा तास पुरतो, पंधरा लिटरच्या मशीनला जेमतेम तेरा मिनिटं, त्यामुळे भरणारा माणूस ठेवा. पाणी बोअरचं असेल तर साबणाला फेस कमी येईल, हायपोच्या कामात त्याने फार फरक पडत नाही.

कशात काय मिसळायचं नाही?

हायपोत ॲसिड कधीही नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये, लादी घासायच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते हायपोला लागलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद जिन्यात किंवा बेसमेंट पार्किंगमध्ये तो जीव घेऊ शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरनेही विषारी वायू होतो. ॲसिडसाठी कॅन, नळी, पंप सगळं वेगळं ठेवा आणि त्यावर मोठ्या मराठी-हिंदी अक्षरांत लिहा, कारण भरणारा पोरगा दुसरा असतो. हायपोत घालायच्या साबणाच्या लेबलवर तो ब्लीचबरोबर चालतो असं लिहिलेलं असावं. नसेल तर नको.

डोळ्यांवर पूर्ण बंद गॉगल, हातात लांब रबरी मोजे, पायात गमबूट. कापडी मास्कने क्लोरीन अडत नाही. वास डोळ्यांना झोंबला की काम थांबवून मोकळ्या हवेत या.

तेलाचे डाग, गंज आणि भिंतीचा लोणा?

पार्किंगमधल्या तेलाला अल्कली डिग्रीजर, तो इंजेक्टरमधून चालतो. गंजाच्या डागाला ऑक्झॅलिक ॲसिड, ब्रशने, हायपोच्या जोडणीतून नाही. लोणा धुऊन जात नाही. भिंतीत ओल कुठून येते ते आधी शोधा.

जुन्या दगडी इमारतीला हे चालतं का?

मालाड स्टोन, कुर्ल्याचा बेसाल्ट, पोरबंदरी दगड अशा बांधणीच्या इमारतींना हात लावू नका. पोरबंदरी दगड चुनखडीचा असतो, ॲसिडने तो विरघळतो, आणि त्यावरचं कोरीव काम दाबाच्या पाण्याने झडतं. हेरिटेज यादीतल्या इमारतीला परवानगी आणि जाणकार दोन्ही लागतात.

शेजाऱ्यांच्या तक्रारी कशा टाळायच्या?

आदल्या दिवशी नोटीस लावा. बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर हायपोचा एक थेंब उडाला तरी डाग कायमचा. गाड्या हलवून घ्या. तुळस आणि कुंड्या आधी साध्या पाण्याने चिंब भिजवा, काम झाल्यावर पुन्हा भिजवा. कोरड्या मातीत हायपो मुरतं, भिजलेल्या मातीत ते पातळ होऊन निघून जातं. वारा समुद्राकडून सुटला असेल तर त्या बाजूची भिंत दुसऱ्या दिवसावर ढकला.

धुतलेलं पाणी पावसाच्या गटारात ढकलू नका. ते गटार पुढे नाल्याला, खाडीला आणि खारफुटीला जाऊन मिळतं. थर आधी खराट्याने ओढून पिशवीत भरा. जेवढं लागेल तेवढंच केमिकल मारा आणि भरपूर पाण्याने पातळ करा. डिग्रीजरचं तेलकट पाणी भुशाने टिपून घ्या.

विजेचं काय?

मशीन १६ अँपिअरच्या अर्थिंग असलेल्या पॉइंटवर, मध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच. लिफ्ट रूममधून ओढलेली जोडलेली वायर नको. शिडीवर उभं राहून गन चालवू नका. ट्रिगर दाबला की मागे धक्का बसतो. गनचा झोत हातापायाला लागून बारीक छिद्र जरी दिसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा. बाहेरून जखम छोटी दिसते, पाणी आत खोल गेलेलं असतं.

काम संपल्यावर जोडणी कशी ठेवायची?

ओढायची नळी साध्या पाण्यात टाकून साबणाच्या नोझलने पाच मिनिटं चालवा. मग नळी पाण्यातून काढून आतलं पाणी ओढून संपू द्या. प्लास्टिकचे बॉल व्हॉल्व्ह बंद करून ठेवू नका, अर्धे उघडे ठेवा : बंद व्हॉल्व्हच्या पोटात हायपो अडकलं की त्यातून निघणाऱ्या वायूने व्हॉल्व्ह फुटतो. इंजेक्टर मशीनवरून उतरवा, पुसा आणि मशीनपासून लांब ठेवा. हायपोचा कॅन मशीनच्याच खोलीत ठेवला तर त्याच्या वाफेनेच मोटर आणि फिटिंग गंजतात. सुटी गोळी, स्प्रिंग आणि ओ-रिंगचा एक संच कायम डब्यात असू द्या. रविवारी नागदेवी बंद असते आणि सोसायट्यांची कामं नेमकी रविवारीच निघतात.